पडद्यावरची पट्टी आणि माडावरचे ऊन



काही वर्षांपूर्वीच्या रमजानमधील गोष्ट. आम्ही चिपळूणला खालाजानकडे इफ्तारसाठी गेलो होतो. दस्तरखान मांडलेले, खजूर-सरबत तयार, मुले टीव्हीसमोर बसलेली. पडद्यावर खाली पट्टी फिरत होती आणि तीत निरनिराळ्या शहरांच्या इफ्तारच्या वेळा येत होत्या. इतक्यात टीव्हीवर अजान झाली. मुले ओरडली, "अजान झाली, अजान झाली!" दोघा-तिघांनी खजूर तोंडात टाकलेसुद्धा. खालाजानच्या सासूबाई, आमच्या दादीजान, पडवीत बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "अरे थांबा रे, माडावर अजून ऊन आहे!"

सगळ्यांनी बाहेर पाहिले. खरोखरच माडांच्या शेंड्यांवर पिवळे ऊन होते. मग पडद्याकडे पाहिले, तर अजानच्या चौकटीत बारीक अक्षरांत शहराचे नाव होते : हैदराबाद. आमच्या मशिदीतली अजान त्यानंतर जवळजवळ वीस मिनिटांनी झाली. मौलाना साहेबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "जाणूनबुजून केलेले नाही, पण सूर्य मावळण्याआधी खाल्ले आहे, म्हणून त्या रोजाची कजा ठेवा." मुलांनी ईदनंतर ती कजा ठेवली.

यात वाहिनीची काही चूक नव्हती. तिने शहराचे नाव लिहिले होते, आम्हीच ते वाचले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना नकाशा उघडून बसवले. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. चिपळूण आणि हैदराबाद जवळजवळ एकाच अक्षांशावर, साडेसतरा अंशांच्या आसपास आहेत. पण चिपळूणचे रेखांश सुमारे साडेत्र्याहत्तर आणि हैदराबादचे सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर. पाच अंशांचा फरक, म्हणजे वीस मिनिटे. हैदराबादचा सूर्य आपल्या आधी उगवतो आणि आपल्या आधी मावळतो. आपल्याच राज्यात नागपूर आणि मुंबई यांच्यात साधारण वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर पडते, ऋतूप्रमाणे थोडे कमी-जास्त. म्हणून मुंबईची वेळ पाहून नागपूरकर रोजा उघडतील तर उशीर होईल, आणि नागपूरची वेळ पाहून मुंबईकर उघडतील तर रोजाच जाईल.

त्या दिवसापासून आमच्या मनात एक विचार घोळतो आहे. आपल्या घरात टीव्ही तासन्‌तास चालू असतो. आपण त्यावरची मालिका पाहतो, बातमी ऐकतो. पण पडद्याच्या कोपऱ्यातला शिक्का, खालची पट्टी, रंग, चौकटी, धून या सगळ्यांकडे आपले लक्ष नसते. आपले लक्ष नसले तरी त्यांचे काम चालूच असते. ही चिन्हे आपल्याला न विचारता पुष्कळ काही सांगून जातात. या महिन्यात त्यांच्याविषयीच बोलू.

एक डोळा आणि एक धून

आमच्या पिढीने लहानपणी एकच वाहिनी पाहिली. दिल्लीत दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दूरदर्शनचे ते फिरत फिरत जुळणारे डोळ्यासारखे चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने काढले होते. त्याबरोबर वाजणारी धून पंडित रविशंकर आणि शहनाईनवाज उस्ताद अली अहमद हुसैन खान यांनी बांधली. १९७६ साली दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले तेव्हापासून ते चिन्ह आणि ती धून घराघरांत पोहोचली.

विचार करा, एक पंडित आणि एक उस्ताद यांनी मिळून केलेली ती धून कोट्यवधी लोकांनी रोज ऐकली. ती ऐकताना कुणाला त्यात हिंदू किती आणि मुसलमान किती हे मोजावेसे वाटले नाही. शहनाई वाजली की घरातली बायका-माणसे हातातले काम आवरून बसत, एवढेच. वाहिनीची ओळख पडद्यावर कशी असावी याचा याहून चांगला नमुना आम्हांला आठवत नाही.

त्या काळी निवेदकही वाहिनीची ओळख असत. मुंबई केंद्रावर मराठी बातम्या देणाऱ्यांत स्मिता पाटील होत्या, ज्या पुढे मोठ्या अभिनेत्री झाल्या. दिल्लीहून हिंदी बातम्या देणाऱ्या सलमा सुलतान यांना तर आपल्या आया-मावश्या त्यांच्या केसांतल्या गुलाबावरून ओळखत. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांच्या हत्येची बातमी दूरदर्शनवर त्यांनीच वाचली. देशाच्या इतक्या दुःखाच्या क्षणी बातमी कुणाच्या तोंडून येते आहे, त्यांचे नाव काय, हे कुणी पाहिले नाही. पाहिला तो त्यांचा संयम. मुंबई केंद्रावरून १९७२ पासून वीसेक वर्षे तबस्सुम यांनी मुलाखती घेतल्या. त्यांचे ते हसणे आणि त्यांची ती गोड जबान हीसुद्धा पडद्यावरची एक सहीच होती.

त्या पडद्यावर फारसे काही नसे. निवेदक, मागे साधा पडदा, कधी एखादे छायाचित्र. प्रसारण तुटले तर व्यत्ययाबद्दल दिलगिरीची पाटी. आज ते आठवून हसू येते. पण त्या पाटीत एक सभ्यता होती. आमचे चुकले आहे, थोडा दम धरा, असे ती सांगत असे. आजच्या पडद्यावर इतकी गर्दी आहे, पण दिलगिरीला जागा राहिलेली नाही.

नावे बदलली, घरे बदलली

मग उपग्रह वाहिन्या आल्या. मुंबई दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला 'सह्याद्री' हे नाव मिळाले. १९९९ साली 'अल्फा मराठी' सुरू झाली, तीच पुढे 'झी मराठी' झाली. २००० साली हैदराबादच्या रामोजी राव यांच्या समूहाने 'ई टीव्ही मराठी' सुरू केली, ती २०१५ मध्ये 'कलर्स मराठी' झाली. बातम्यांत २००७ मध्ये 'स्टार माझा' आली आणि २०१२ मध्ये तिचे नाव 'एबीपी माझा' झाले. 'आयबीएन लोकमत' पुढे 'न्यूज एटीन लोकमत' झाली.

या नावांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. 'सह्याद्री' हे नाव आपल्या मातीतले आहे. डोंगर म्हटला की महाराष्ट्र डोळ्यांसमोर येतो. पुढच्या नावांत मात्र पहिला शब्द कंपनीचा आणि दुसरा आपला. 'मराठी', 'माझा', 'लोकमत' हे आपले शब्द मागे बसले. पहिला शब्द मालक बदलला की बदलतो. मालकाची हिंदी, बंगाली, कन्नड, गुजराती अशी अनेक दुकाने असतात. सगळ्या दुकानांवर एकच पाटी हवी असते, म्हणजे दिल्ली-मुंबईच्या जाहिरातदाराला ओळख पटते. यात पाप काही नाही, तो व्यापार आहे. पण आपण प्रेक्षकांनी ते ओळखून असावे. पाटीवर 'माझा' लिहिले म्हणून ते घर माझे होत नाही.

वाहिनीला नाव आणि चिन्ह मनाला येईल तसे बदलताही येत नाही. त्यासाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते, कारण परवाना त्या नावावर आणि चिन्हावर असतो. म्हणजे कोपऱ्यातला तो शिक्का नुसती शोभा नाही. जबाबदार कोण, याचा तो दाखला आहे. हे लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी त्याचे काम पडणार आहे.

उर्दूचा पडदा

आपल्यापैकी अनेक घरांत मराठीबरोबर उर्दूही आहे. कुणाची मुले उर्दू शाळेत जातात, कुणाच्या घरात अम्मी उर्दू रिसाले वाचतात, तर कुणी फक्त ऐकून समजतात. २००१ साली 'ई टीव्ही उर्दू' सुरू झाली तेव्हाचा आनंद आम्हांला आठवतो. मुशायरे, बातम्या, चर्चा, तेही घरबसल्या आणि उर्दू लिपीत. २००६ साली दूरदर्शनची 'डीडी उर्दू' आली. ई टीव्ही उर्दूचे नाव २०१८ मध्ये 'न्यूज एटीन उर्दू' झाले. इथेही तेच घडले, कंपनीचे नाव पुढे आणि जबान मागे.

उर्दूच्या पडद्याची एक गंमत आमच्या वर्गात निघाली. आम्ही मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो. एका मुलाने विचारले, "टीचर, मराठी बातम्यांची पट्टी उजवीकडून डावीकडे पळते आणि उर्दूची डावीकडून उजवीकडे. असे का?" वर्गातल्या निम्म्या मुलांनी हे कधी पाहिलेच नव्हते. उत्तर साधे आहे. मराठी आपण डावीकडून वाचतो, म्हणून वाक्याचा पहिला शब्द आधी आत यायला हवा. तो उजव्या कडेने आत येतो आणि मागून बाकीचे शब्द येतात. उर्दू आपण उजवीकडून वाचतो, म्हणून तिचा पहिला शब्द डाव्या कडेने आत शिरतो. पट्टी उलटी पळत नाही, ती वाचणाऱ्याच्या डोळ्याच्या सोयीने पळते. त्या मुलाला आम्ही शाबासकी दिली, कारण रोज दिसणारी गोष्ट पाहणे हे सोपे काम नाही.

दुसरी अडचण नस्तालीकची. उर्दूची ही सुंदर लिपी सरळ रेषेत बसत नाही. शब्द वरून तिरपा उतरत येतो, त्यामुळे तिला उंची जास्त लागते. टीव्हीची पट्टी असते अरुंद. मग अक्षरे बारीक करावी लागतात, नाहीतर नस्तालीक सोडून सरळ चालीचे नस्ख घ्यावे लागते. एके काळी मुंबईची उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत आणि त्यावरून छपाई होई. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरे काढून 'नूरी नस्तालीक' तयार केले, आणि उर्दू वर्तमानपत्र यंत्रावर जुळवता येऊ लागले. १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीने 'इनपेज' हे सॉफ्टवेअर आणले आणि नस्तालीक साध्या संगणकावर आले. उर्दू पडदा उभा राहू शकला तो याच कामाच्या पायावर. पण त्याच लाटेत कातिबांच्या हातचा रोजगारही गेला. आपल्यापैकी ज्यांच्या घरात कुणी कातिब होते त्यांना हे दुःख माहीत आहे.

आम्हांला इथे दुसरीच एक गोष्ट सांगायची आहे. आज वाहिन्यांना पडद्यावरच्या अक्षरांचे, चित्रांचे, हालत्या चौकटींचे काम करणारी माणसे लागतात. मुंबईत सर जे. जे. उपयोजित कला संस्था आहे, अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. ज्या समाजात खुशनवीसीची एवढी मोठी परंपरा आहे, त्या समाजाच्या किती मुली-मुलांना आपण या वाटेने पाठवतो? चित्रकला चांगली असलेल्या मुलाला आपण म्हणतो, "याने पोट भरेल का?" पडद्यावर आपण कसे दिसतो याची तक्रार आपण करतो, पण पडदा रंगवणाऱ्यांच्या खोलीत आपले कुणी नसते.

रंग, प्रश्नचिन्ह आणि जुनी चित्रे

आता जरा कठीण विषयाकडे येऊ.

बातमी एक असते आणि तिच्याभोवतीची सजावट दुसरी. निवेदक काय बोलतो ते कायद्याच्या चौकटीत असू शकते, पण पट्टीचा रंग, मागचे ढणढण संगीत, वर्तुळ काढलेला चेहरा आणि खाली मोठे प्रश्नचिन्ह यांतून वेगळेच काही सांगितले जाते. प्रश्नचिन्ह ही मोठी सोयीची गोष्ट आहे. 'अमुक माणूस चोर आहे' असे लिहिले तर पुरावा द्यावा लागतो. 'अमुक माणूस चोर?' असे लिहिले की वाहिनी म्हणते, आम्ही तर फक्त विचारले. पाहणाऱ्याच्या मनात मात्र 'चोर' हा शब्द राहतो, प्रश्नचिन्ह गळून पडते.

तशीच गोष्ट जुन्या चित्रांची. बातमी एखाद्या गुन्ह्याची असते, आरोपीचे नाव मुस्लिम असते, आणि मागे चित्र फिरते ते नमाजासाठी उभ्या असलेल्या सफांचे, टोप्यांचे, मिनारांचे. त्या सफेत उभ्या असलेल्या माणसाचा त्या गुन्ह्याशी काय संबंध? ते चित्र कुठल्या तरी जुन्या ईदचे असते. चित्र संग्रहातले आहे असे कोपऱ्यात लिहिले असले तर असते, नसले तर नसते.

२०२० च्या कोरोनाकाळात हे सगळ्यांनी सोसले. दिल्लीतल्या तबलिगी मरकजच्या बातमीनंतर काही वाहिन्यांच्या पडद्यावर विषाणूच्या चित्राशेजारी टोप्या-दाढ्या दिसू लागल्या. आमच्याकडे भाजीवाल्या भाईंना गल्लीत येऊ नका असे सांगणारे लोक वाईट नव्हते, ते घाबरलेले होते, आणि त्यांना घाबरवणारी गोष्ट त्यांच्या दिवाणखान्यात रात्रंदिवस चालू होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगसाठी आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. न्यायमूर्ती नलावडे यांनी लिहिलेल्या निकालपत्रात वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांतून या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाल्याचे स्पष्ट नमूद आहे. निकाल आला, अलहम्दुलिल्लाह. पण ज्या आकाराच्या पट्ट्या आरोपाच्या वेळी होत्या, त्या आकाराच्या पट्ट्या निकालाच्या वेळी आम्ही पाहिल्या नाहीत.

रंगाचेही तसेच. एप्रिल २०२४ मध्ये 'डीडी न्यूज'च्या चिन्हाचा रंग लाल होता तो केशरी झाला आणि देशभर वाद झाला. कुणी म्हणाले रंगात राजकारण आहे, प्रसार भारतीकडून सांगितले गेले की हा फक्त दिसण्यातला बदल आहे. आम्हांला त्या वादात पडायचे नाही. कोणताही रंग अल्लाहनेच निर्माण केला आहे, कोणत्याही रंगाशी आमचे वैर नाही. आम्ही एवढेच म्हणू की चिन्हाच्या एका रंगावरून लोक इतके अस्वस्थ होतात, याचा अर्थ पडद्याचा रंग मनावर काम करतो हे सर्वांना ठाऊक आहे. मग रोज रात्री एखाद्या समाजाचे नाव घेताना पट्टी भडक हिरवी का होते, हाही प्रश्न विचारायला हरकत नसावी.

दुसरी बाजूही पाहू

इन्साफ करायचा तर सगळा करावा. मराठी वाहिन्यांनी आपल्याविषयी चांगलेही पुष्कळ दाखवले आहे. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. महाराष्ट्रातल्या अनेक गावांतल्या मुसलमानांनी आपण होऊन ठरवले की त्या दिवशी कुर्बानी करायची नाही, ईदचे दिवस पुढेही आहेतच. ती बातमी मराठी वाहिन्यांनी दाखवली. आमच्या शेजारच्या काकू ती पाहून दुसऱ्या दिवशी घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या लोकांनी मन मोठे केले हो." जी पट्टी एक दिवस मन तोडते, तीच पट्टी दुसऱ्या दिवशी मन जोडूही शकते. हत्यार तेच, हात कुणाचा ते महत्त्वाचे.

आणि आपलेही काही चुकते. गणपती, दिवाळी, गुढीपाडवा आला की वाहिन्यांची चिन्हे सजतात, कोपऱ्यात दिवा पेटतो, तोरण लागते. ईदला आमच्या पाहण्यात बहुतेक वेळा एक शुभेच्छेची ओळ येते, तीही जाते. आपण घरात बसून नाराज होतो. पण आपल्यातल्या किती जणांनी आजवर एखाद्या मराठी वाहिनीला पत्र लिहून सांगितले की आमच्याकडचा शिरखुर्मा कसा करतात ते दाखवा, कोकणातल्या मुस्लिम घरांतली सांदणे दाखवा, आमच्या मोहल्ल्यातल्या मुली मराठीत वक्तृत्व स्पर्धा जिंकून आल्या आहेत त्यांची मुलाखत घ्या? आपण मराठी बोलतो, मराठी वाचतो, आणि मराठी वाहिनीला पत्र लिहिताना मात्र आपली लेखणी अडते. दरवाजा ठोठावल्याशिवाय उघडत नाही.

घरातला पाच मिनिटांचा सबक

आता करायचे काय? टीव्ही फेकून द्या असे आम्ही सांगणार नाही. फेकला तरी मोबाइल आहेच. आम्ही आमच्या वर्गात एक प्रयोग केला, तो घरीही करता येतो.

रात्रीच्या बातम्यांच्या वेळी टीव्हीचा आवाज पाच मिनिटे पूर्ण बंद करा. मुलांच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि हे लिहायला सांगा. कोपऱ्यात शिक्का कोणाचा? पडद्यावर एका वेळी किती चौकटी आणि किती पट्ट्या आहेत? त्यांचे रंग कोणते? किती वाक्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे? दाखवलेले चित्र आजचे आहे की जुने, आणि तसे कुठे लिहिले आहे का? ठिकाणाचे नाव दिले आहे का? मराठी शुद्धलेखनाच्या चुका किती?

आमच्या वर्गात काय झाले ते सांगतो. शुद्धलेखनाच्या चुका शोधण्यात मुलांना सर्वांत मजा आली. काही तर पट्टीच्या अरुंदपणामुळे ऱ्हस्व-दीर्घ उकार कापले जातात हेही पकडून आले. पण एका मुलीने लिहून आणलेली ओळ आम्ही विसरणार नाही. तिने लिहिले होते, "टीचर, पाच मिनिटांत बातमी एकच होती, पण पट्टीवर ती सात वेळा आली, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त रागावलेली होती." सातवीतली ती मुलगी. पुढे तिने विचारले, "बातमी तेवढीच असते तर राग का वाढतो?" याचे उत्तर मुलांनीच शोधले. राग वाढला की माणूस वाहिनी बदलत नाही, आणि तो बसून राहिला की जाहिरात पाहतो.

सूरह हुजुरातमध्ये खबर आणणाऱ्याची आधी तहकीक करण्याची शिकवण आहे, नाहीतर नकळत कुणावर तरी जुलूम होईल आणि मागून पस्तावावे लागेल. ही शिकवण दुसऱ्यांनी आपल्याविषयी पाळावी असे आपल्याला वाटते. पण ती आधी आपल्यासाठी आहे. आपल्या मोबाइलवर कुणा वाहिनीचे चिन्ह चिकटवलेले खोटे चित्र येते, त्यात दुसऱ्या समाजाविषयी काहीबाही असते, आणि आपण ते पुढे पाठवतो. कोपऱ्यात शिक्का दिसला म्हणजे बातमी खरी असे नाही. शिक्का चोरताही येतो. त्या वाहिनीवर जाऊन ती बातमी आहे का हे पाहायला दोन मिनिटे लागतात.

आणि काही खरोखर चुकीचे दिसले तर? शेजाऱ्याशी हळहळून उपयोग नाही. जून २०२१ पासून केबल टेलिव्हिजनच्या नियमांत तक्रारीची व्यवस्था आहे. प्रत्येक वाहिनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार केल्यावर २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियामक संस्थेकडे आणि त्यानंतर केंद्र सरकारकडे जाता येते. तक्रारीत वाहिनीचे नाव, तारीख, वेळ, कार्यक्रम आणि पडद्यावरचे नेमके शब्द लिहा. शक्य असेल तर पडद्याचा फोटो जोडा, ज्यात कोपऱ्यातला शिक्का आणि वेळ दिसेल. मघाशी म्हटले होते ना, त्या शिक्क्याचे काम पडेल? ते हे. शिक्का वाहिनीची ओळख आहे, तसाच तो तुमचा पुरावाही आहे. भाषा नरम ठेवा, मुद्दा पक्का ठेवा. शिवीगाळ केलेली तक्रार पहिल्याच ओळीत मरते.

तसेच चांगले दिसले तर तेही कळवा. शाबासकीचे पत्र तक्रारीच्या पत्रापेक्षा कमी येते, म्हणून ते जास्त लक्षात राहते.

खालाजानच्या घरी आता रमजानमध्ये टीव्हीशेजारी भिंतीवर स्थानिक मशिदीचे वेळापत्रक लावलेले असते. इफ्तारच्या वेळी टीव्ही बंद करतात. दादीजान आता हयात नाहीत, अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. पण घरातले सर्वांत धाकटे मूल अजूनही रोजा उघडण्याआधी पडवीत जाऊन माडाचे शेंडे पाहून येते आणि आत येऊन सांगते, ऊन गेले. त्यानंतरच सगळे मशिदीच्या अजानसाठी कान देऊन बसतात.

पडद्यावर काय लिहिले आहे ते जरूर वाचा. आणि मग एकदा उठून बाहेर बघा.